पिवळ्या कुटुंबाची खतावणी

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे मिसरूड फुटण्याच्या आणि ताळेबंद न जुळण्याच्या वयात, आम्हांला एक सूत्र घोकायला लावलं होतं : जितकं जमा, तितकंच नावे. जगात कुठेही काही जमा झालं, की ते कुणाच्या तरी नावे पडलेलं असतंच. पुढे वीस-बावीस वर्षं बँकेत काढल्यावर पुष्कळ सूत्रांवरचा माझा विश्वास उडाला (काटकसर केली की शिल्लक राहते, हे त्यांतलं पहिलं), पण ह्या सूत्रावरचा नाही. मी ते बँकेबाहेरही सर्रास वापरतो. लग्नसमारंभात वापरतो, भिशीत वापरतो आणि हल्ली विनोदालाही लावून पाहतो.

साहित्याचे प्राध्यापक विनोदाचे उपहास, उपरोध, वक्रोक्ती, विडंबन असे बरेच वर्ग पाडतात. आमच्याकडे आयकराचेसुद्धा इतके टप्पे नाहीत. माझ्यासारख्या कारकुनाला एकच प्रश्न पुरतो. मी हसलो, म्हणजे माझ्या खात्यात काहीतरी जमा झालं. ठीक आहे. पण मग बिल कुणाच्या नावावर फाडलं?

टेलिव्हिजनवरच्या विनोदी मालिकांना हा प्रश्न विचारायला गेलं, तर पहिल्याच पानावर खोट्या नोंदी सापडतात. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या एका ध्वनितंत्रज्ञाने हसण्याचं यंत्र बनवलं. टाइपरायटरसारख्या त्याला कळा. एक दाबली की खुदखुद, दुसरी दाबली की खोखो. विनोद फसला तर तिसरी. मालिका तयार झाली, की हे गृहस्थ आपली पेटी घेऊन यायचे आणि जिथे जिथे हसू हवं तिथे तिथे ते टाइप करून द्यायचे. ज्यांनी ते मूळ हसू हसलं ती बापडी माणसं केव्हाच निवर्तली असतील, पण त्यांचं हसणं वर्षानुवर्षं नोकरीत कायम राहिलं. ह्याला आमच्या भाषेत बोगस जमा म्हणतात. ऑडिटर आला तर चौकशी लागते. टेलिव्हिजनला ऑडिटर नसतो.

ह्या पेटीचा मोह किती, तर हलत्या चित्रांच्या मालिकेलाही तिच्यातलं हसू जोडलेलं होतं! ३० सप्टेंबर १९६० ह्या दिवशी अमेरिकेत ‘द फ्लिन्टस्टोन्स’ सुरू झाली. रात्रीच्या मुख्य वेळेत दाखवलेली ही पहिली कार्टून मालिका. १९६६ पर्यंत तिचे १६६ भाग झाले. अश्मयुगातलं एक सुखवस्तू कुटुंब, दगडाची मोटार, ती पायाने पळवायची, खाणीत क्रेनच्या जागी डायनोसोर. म्हणजे फ्रेड फ्लिन्टस्टोन कातडं पांघरून हिंडतो, पण त्याच्या अडचणी मात्र अगदी त्या काळच्या अमेरिकन उपनगरातल्या : साहेब ओरडतो, बायको चिडते, शेजारी भला आहे आणि पगार पुरत नाही. सुरुवातीला मालिकेचा खर्च एक सिगारेट कंपनी उचलत होती, त्यामुळे जाहिरातीत फ्रेड आणि त्याचा शेजारी बार्नी गुहेबाहेर सिगारेटी ओढत बसायचे. आणि हे सगळं चालू असताना कुणीतरी अदृश्य माणसं हसत असायची. ती अश्मयुगात कुठे बसली होती, देव जाणे.

ह्या खोट्या हसण्याबाबत एकाच मालिकेचा मला आदर वाटतो. ‘मॅश’. १९७२ ते १९८३. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळाची गोष्ट. लेखकांना पेटीतलं हसू नकोच होतं आणि चॅनेलवाल्यांना ते हवंच होतं. अखेर तोडगा असा निघाला, की तंबूत, जेवणघरात, साहेबांच्या कचेरीत हवं तितकं हसा, पण ऑपरेशनच्या टेबलापाशी कुणीही हसायचं नाही. तिथे जखमी सैनिकाचं पोट उघडलेलं असतं आणि डॉक्टर विनोद करत असतात, पण पेटी गप्प. हसायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. विनोदाच्या बाबतीत प्रेक्षकाला सज्ञान समजल्याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मग आली ती पिवळी माणसं.

मॅट ग्रेनिंग हा मूळचा वर्तमानपत्रातला व्यंगचित्रकार. त्याची सशांची एक चित्रमालिका चालू होती. जेम्स ब्रुक्स नावाच्या निर्मात्याने त्याला बोलावलं. कचेरीबाहेर बसल्या बसल्या ग्रेनिंगच्या लक्षात आलं, की ससे टेलिव्हिजनला दिले तर त्यांच्यावरचे हक्कही द्यावे लागतील. तेव्हा ससे त्याने घरीच ठेवले आणि तिथल्या तिथे एक नवं कुटुंब काढून दिलं. नावं शोधायला वेळ नव्हता म्हणून घरच्यांचीच दिली : वडिलांचं होमर, आईचं मार्ज, बहिणींची लिसा आणि मॅगी. स्वतःचं नाव तेवढं वगळून मुलाला बार्ट केलं. (आईवडील-बहिणी चव्हाट्यावर आणि स्वतः नामानिराळा, ही लेखकांची पद्धत सगळ्या देशांत सारखीच दिसते.) १९ एप्रिल १९८७ पासून हे कुटुंब दुसऱ्या एका कार्यक्रमात मिनिट-दोन मिनिटांचं पाहुणं म्हणून यायला लागलं आणि १७ डिसेंबर १९८९ ला फॉक्स वाहिनीवर त्याने स्वतःचं अर्ध्या तासाचं बिऱ्हाड थाटलं. ‘द सिम्प्सन्स’. आजवर साडेसातशेहून जास्त भाग झाले आहेत आणि बिऱ्हाड अजून हललेलं नाही.

ह्या मालिकेत पेटीतलं हसू नाही. पण मला ती आपली वाटली त्याचं कारण वेगळं आहे. अर्ध्या तासाच्या त्या पहिल्याच भागाची गोष्ट ऐका. नाताळ तोंडावर आलाय. होमरच्या कारखान्यात बोनस मिळणार नाही, असं जाहीर होतं. घरी सांगायची त्याची हिंमत होत नाही. म्हणून तो संध्याकाळी एका मोठ्या दुकानात सांताक्लॉज होऊन पोरांना मांडीवर घेण्याची नोकरी धरतो. नाताळच्या आदल्या दिवशी पगाराचा चेक हातात पडतो : तेरा डॉलर! बाकीचे कुठे गेले? तर कापून घेतले. विमा कापला, सांताचं प्रशिक्षण कापलं, पोशाखाची किंमत कापली आणि दाढीचं भाडं कापलं. वाचकहो, दाढीचं भाडं! ज्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःची पगारपत्रक-पावती उजेडाकडे धरून वाचली आहे, त्यालाच ह्या दोन शब्दांचं मोल कळेल. शेवटी होमर ते तेरा डॉलर कुत्र्यांच्या शर्यतीवर लावतो, हरतो आणि शेवटून आलेल्या, मालकाने हाकलून दिलेल्या कुत्र्याला घरी घेऊन येतो. पोरांना वाटतं बापाने नाताळची भेट आणली.

त्याआधीच्या अमेरिकन मालिकांतली बरीच कुटुंबं अशा घरात राहायची, की जिथे विजेचं बिल येत नसावं. बाप सहा वाजता टाय लावून घरी यायचा आणि सव्वासहाला मुलांना उपदेश करायचा. तो काय काम करतो, त्याला काय मिळतं, हे विचारणं असभ्य. सिम्प्सनांच्या घरात मात्र पैसे कमी पडतात, सोफा जुना आहे, टेलिव्हिजनवरचा काटा वाकडा आहे आणि बाप मूर्ख आहे, पण घरी येतो.

कार्टूनचा आणखी एक फायदा कॉमर्सवाल्यालाच कळावा. खऱ्या नटांच्या मालिकेत पोरं वाढतात, नायकाला टक्कल पडतं, नायिका करारावरून भांडते. चित्रातलं माणूस वय मागत नाही आणि महागाई भत्ताही मागत नाही. सिम्प्सनांचं घर दर आठवड्याला जळतं, गाव उद्ध्वस्त होतं, होमर नोकरी गमावतो आणि पुढच्या आठवड्यात सगळं जिथल्या तिथे. मागील पानावरून पुढे : शून्य. प्रत्येक भाग म्हणजे नवं आर्थिक वर्ष. बार्ट १९८९ साली दहा वर्षांचा होता, आजही दहाच वर्षांचा आहे. मी साधारण त्याच्याच वयाचा. तो चौथीतच राहिला आणि मी गृहकर्जाच्या चौदाव्या वर्षात आहे. कॉलेजात असताना केबलवर ही मालिका पाहिली, तेव्हा मी बार्टच्या पार्टीचा होतो. आता होमरहून मोठा झालोय. हल्ली बार्टने काही पराक्रम केला, की आधी त्याच्या दुरुस्तीचा खर्च डोळ्यांसमोर येतो. माणूस जिथे उभा असेल तिथून नवी दिसणारी विनोदी मालिका ही चांगली मालिका, अशी माझी साधी व्याख्या आहे.

आता नावे कोण, ते पाहू.

होमर अणुवीज केंद्रात काम करतो, आणि कामही कसलं, तर सुरक्षा निरीक्षक! केंद्राचा मालक मिस्टर बर्न्स हा इतका म्हातारा, इतका श्रीमंत आणि इतका दुष्ट, की त्याला वर्षानुवर्षं होमरचं नावच आठवत नाही. दर वेळी मदतनीस स्मिदर्सला विचारतो, हा कोण? हा विनोद मी आमच्या शाखेत एकाला सांगितला तर तो हसलाच नाही. म्हणाला, “ह्यात विनोद काय? आपले साहेब मला अजून आधीच्या कॅशियरच्या नावाने हाक मारतात.”

१९९३ सालचा संपाचा भाग तर युनियनच्या प्रत्येक सभासदाला सक्तीने दाखवावा. बर्न्स कामगारांच्या करारातली दातांच्या उपचाराची सवलत काढून घ्यायला निघतो. बदल्यात काय, तर सभेसाठी बिअरचं एक पिंप. कामगार खुशीने पिंपाकडे धावतात. होमरही धावतो. इकडे लिसाला दातांना तारा बसवायच्या आहेत. होमरच्या डोक्यात एका बाजूला दातांची सवलत आणि दुसऱ्या बाजूला लिसाच्या तारा अशी दोन वाक्यं कितीतरी वेळ नुसती आळीपाळीने फिरत राहतात. ती दोन वाक्यं एकमेकांना भेटेपर्यंत आपण श्वास रोखून बसतो. भेटतात, आणि संप होतो. पुढे वाटाघाटीत होमरचा प्रत्येक बावळटपणा बर्न्सला मुत्सद्देगिरी वाटतो. होमरला लघुशंकेची घाई, तर बर्न्स समजतो माणूस झुकायला तयार नाही. अखेर बर्न्स सवलत परत देतो, पण एका अटीवर : होमरने पुढारीपण सोडावं. आपण पिंपाच्या मोबदल्यात काय काय सोडून दिलं, ह्याचा हिशेब ज्याने त्याने घरी करावा.

१९९६ चा अस्वलाचा भाग ह्याहून जहाल. गावात एक अस्वल येतं. एकच. लोक नगरपालिकेवर मोर्चा नेतात. लगेच अस्वल-गस्त सुरू होते, विमानंसुद्धा आकाशात घिरट्या घालतात. मग गस्तीसाठी पाच डॉलरचा कर लागतो. लोक पुन्हा मोर्चा नेतात : कर कसला? महापौर क्षणभर विचार करतो आणि सांगतो, की कर वाढला तो बेकायदा आलेल्या परदेशी लोकांमुळे. झालं! सगळं गाव आता त्यांना हाकलायला निघतं. अस्वल, गस्त आणि कर ह्यांचा परदेशी माणसांशी संबंध काय, हे कुणी विचारत नाही. बावीस मिनिटांत इतकं राज्यशास्त्र आम्हांला तीन वर्षांच्या डिग्रीत मिळालं नव्हतं.

हे सगळं झोंबतही होतं, ह्याला पुरावा आहे. १९९० साली अध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश ह्यांनी मुलाखतीत ही मालिका भलतीच बावळट असल्याचं म्हटलं. त्यावर त्यांना चक्क मार्ज सिम्प्सनच्या सहीचं सभ्य पत्र गेलं आणि बाईंनी कागदावरच्या बाईला माफीचं उत्तरही पाठवलं. दोन वर्षांनी, जानेवारी १९९२ मध्ये, खुद्द अध्यक्ष बुश भाषणात म्हणाले, की अमेरिकन कुटुंबं वॉल्टनांसारखी हवीत, सिम्प्सनांसारखी नकोत. वॉल्टन हे दुसऱ्या एका मालिकेतलं मंदीच्या काळातलं गरीब, सालस कुटुंब. तीन दिवसांत सिम्प्सनांनी उत्तर दिलं : आम्हीही वॉल्टनांसारखेच आहोत, मंदी संपावी म्हणून आम्हीही प्रार्थनाच करतोय! त्या वेळी अमेरिकेत मंदीची झळ होतीच. नोव्हेंबरात बुश निवडणूक हरले. ते सिम्प्सनांमुळे हरले असं म्हणणं म्हणजे आमच्या शाखेचा नफा चहाच्या मशीनमुळे वाढला म्हणण्यासारखं आहे. पण एक गोष्ट दिसली. सत्तेने चित्राशी भांडू नये. चित्राला गमावण्यासारखं काही नसतं.

इथपर्यंत खतावणी चोख आहे. हसू माझं जमा, नावे बर्न्स, नावे महापौर, नावे अध्यक्ष. त्यांना ते परवडतं. आणि होमर? तो तर बहुसंख्य अमेरिकनांचाच आरसा. त्याला हसणारा स्वतःच्याच खात्यातून काढून स्वतःच्याच खात्यात भरतो. ही नोंद सर्वांत स्वच्छ. आपल्याकडे १९८८ साली आर. के. लक्ष्मण ह्यांची ‘वागळे की दुनिया’ दूरदर्शनवर आली, तिचं गणित हेच होतं. अंजन श्रीवास्तव ह्यांचा वागळे हा कारकून आणि त्याला हसणारे आम्ही सगळे कारकुनांचे चिरंजीव. फरक एवढाच, की वागळे चुकला तर ओशाळतो आणि होमर चुकला तर डोनट खातो.

आता भानगडीची पानं.

सिम्प्सन कुटुंब ज्या फॉक्स वाहिनीवर दिसतं, त्या वाहिनीचीही ते मनसोक्त टवाळी करतात. मालक होते रूपर्ट मर्डॉक. १९९९ च्या एका भागात मर्डॉकसाहेब स्वतःच्या आवाजात आले आणि त्यांनी स्वतःची ओळख करून दिली ती अब्जाधीश जुलमी सत्ताधीश म्हणून! मालकाच्या पैशाने, मालकाच्या जागेत, मालकाच्याच तोंडून मालकाची निंदा. कोणत्याही कारकुनाला पहाटे पडावं असं हे स्वप्न. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मग रात्री झोप येईना. मालक इतका हसतोय, म्हणजे त्याचं काहीच जात नाहीये. किंबहुना येतंय! जाहिराती येताहेत. आमच्याकडे वार्षिक संमेलनात साहेबांच्या नकला करायची परवानगी असते. साहेब पहिल्या रांगेत बसून सर्वांत मोठ्याने हसतात. दुसऱ्या दिवशी रजेचे अर्ज पूर्वीसारखेच नामंजूर होतात.

२०१० साली बँक्सी ह्या भित्तिचित्रकाराने मालिकेची सुरुवातीची चित्रं काढून दिली. सिम्प्सनांची हजारो चित्रं प्रत्यक्षात दक्षिण कोरियात रंगवली जातात. बँक्सीने दाखवला एक काळोखा कारखाना, रांगेने चित्रं रंगवणाऱ्या बायका, हाडांचे ढीग. फॉक्सने तेही दाखवलं. अर्थात अतिशयोक्ती होती. पण हसू कुठे तयार होतं आणि मजुरी कोणाच्या खात्यात जाते, हा प्रश्न तेवढा एक मिनिट उघडा पडला. मग नेहमीचं संगीत वाजलं आणि पुढचा भाग सुरू झाला. मार्च २०१९ मध्ये फॉक्सच्या कारभारातला मोठा हिस्सा, ही मालिका धरून, डिस्नेने विकत घेतला. ज्या डिस्नेची सिम्प्सनांनी वर्षानुवर्षं थट्टा केली, ती आता घरची मालकीण आहे. मालिका चालूच आहे. माझ्या मते पहिली आठ-नऊ वर्षं बावनकशी सोनं आणि पुढे सोन्याचा मुलामा. निवृत्तीचं वय उलटून गेलेल्या हेडक्लार्कसारखी ती रोज येते, वेळेवर येते, जुने किस्से सांगते. ‘हे सगळं त्यांनी आधीच वर्तवलं होतं’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर त्यातली खरीखोटी चित्रं फिरतात. एकेकाळच्या उपहासाचं असं पंचांग व्हावं, ह्याइतका मोठा उपहास त्यांनाही सुचला नसता.

आणि दुसरं पान आपल्या जवळचं. अपू.

क्विक-ई-मार्ट ह्या किरकोळ दुकानाचा हा चालक. आडनाव नाहासापीमापेटिलॉन. हिंदुस्थानातल्या कुठल्याही तालुक्यात असं आडनाव सापडायचं नाही. संगणकशास्त्रात पीएच.डी., कष्टाळू, हजरजबाबी, गोळ्या झेललेला. गावातल्या बहुतेकांपेक्षा शहाणा माणूस. अस्वलाच्या भागात गाव ज्यांना हाकलायला निघतं, त्यांत हाच असतो. नागरिकत्वाच्या तोंडी परीक्षेत त्याला अमेरिकन यादवी युद्धाचं कारण विचारतात. तो आर्थिक कारणं, सामाजिक कारणं असं सांगायला लागतो, तर परीक्षक कंटाळून म्हणतो, नुसतं गुलामगिरी म्हण! म्हणजे ह्या लेखकांना सगळं कळत होतं.

आवाज मात्र हँक अझेरिया ह्या गोऱ्या नटाचा. त्याने उच्चारांची ढब काही अंशी घेतली ती पीटर सेलर्सने १९६८ साली ‘द पार्टी’ चित्रपटात रंगवलेल्या हिंदी माणसावरून. म्हणजे एका गोऱ्याने केलेल्या नकलेची दुसऱ्या गोऱ्याने केलेली नक्कल. कार्बन कॉपीची कार्बन कॉपी. २०१७ साली हरी कोंडाबोलू ह्या भारतीय वंशाच्या अमेरिकन विनोदवीराने ह्यावर एक माहितीपट काढला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : टेलिव्हिजनवर आमच्यासारखा दिसणारा दुसरा कुणी नव्हताच, म्हणून शाळेत पोरं आम्हांला अपूच्या आवाजात चिडवायची. २०१८ मध्ये मालिकेने लिसाच्या तोंडून उत्तर दिलं ते असं, की पूर्वी वाहवा मिळालेली गोष्ट आता आक्षेपार्ह ठरली, त्याला काय करणार? लिसाच्या तोंडून! जी आठ वर्षांची पोर सगळ्या गावाशी तत्त्वासाठी भांडते, तिने खांदे उडवले. जानेवारी २०२० मध्ये अझेरियाने तो आवाज सोडल्याचं सांगितलं, पुढे जाहीर माफीही मागितली.

‘एवढं काय, कार्टूनच तर आहे’ असं म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांना मी खतावणी दाखवतो. बर्न्सला हसलं तर ते नावे बर्न्सच्याच पडतं, त्याचा मुलगा काही कुठल्या शाळेत आमच्या शेजारी बसत नाही. अपूला हसलं की नोंद अपूच्या नावे होत नाही. ती वळती होते, न्यू जर्सीतल्या कुठल्यातरी जोशांच्या किंवा पटेलांच्या सहावीतल्या मुलाच्या खात्यात. त्याने खातं उघडलेलं नसतं, सही दिलेली नसते आणि वसुली मात्र मधल्या सुट्टीत होते.

हे म्हणताना आवाज चढवायची सोय मात्र आपल्याला नाही. सेलर्सचा ‘द पार्टी’ आला, त्याच १९६८ साली आपल्याकडे ‘पडोसन’ आला. त्यातल्या मेहमूदच्या मद्रासी गाणेमास्तराला आपण पोट धरधरून हसलो आणि अजून हसतो. आपल्या नाटकांत ‘शाब’ म्हणणारा गुरखा आणि ‘अय्यय्यो’ करणारा अण्णा हे पगारी कर्मचाऱ्यांसारखे कायम असायचे. हिंदी चित्रपटातली मोलकरीण मराठी आणि हवालदार मराठी असला, की मात्र आपली अस्मिता खडबडून जागी होते. म्हणजे नियम आपल्याला ठाऊक आहे. फक्त तो आपल्या नावे पडल्यावरच आठवतो.

ह्या मालिकेने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही, असंही नाही. १९९७ सालच्या एका भागात तिने स्वतःचीच तपासणी केली आहे, आणि माझ्या लेखी तो तिचा सर्वांत मोठा भाग. अणुवीज केंद्रात फ्रँक ग्राइम्स नावाचा नवा माणूस येतो. पस्तिशीतला, आईबापांनी लहानपणीच टाकलेला, स्वतःच्या बळावर शिकलेला, हातात बॅग, डबा वेळेवर, पेन्सिली टोकदार. राहतो कुठे, तर एका बोलिंगच्या अड्ड्याच्या वर आणि दुसऱ्या बोलिंगच्या अड्ड्याच्या खाली. होमर त्याचा डबा खातो, त्याच्या पेन्सिली चावतो. होमर चुकून आम्ल प्यायला लागतो तेव्हा ग्राइम्स ते हातातून उडवून त्याचा जीव वाचवतो. आम्ल भिंतीवर सांडतं आणि बर्न्स भिंतीच्या नुकसानीबद्दल पगार ग्राइम्सचा कापतो. मग ग्राइम्स होमरच्या घरी जातो. केवढं ते घर! बायको, तीन मुलं, दोन मोटारी, ताटात शेवंड, भिंतीवर अंतराळात गेल्याचा फोटो. ग्राइम्सला काही केल्या हिशेब लागत नाही. हा माणूस काहीच करत नाही आणि ह्याच्याकडे सगळं आहे. मी सगळं करतो आणि माझ्या डोक्यावर रात्री चेंडू गडगडतात.

तो लोकांना ओरडून सांगतो, की हा माणूस मूर्ख आहे. लोक म्हणतात, हो, पण आपला होमर आहे. शेवटी त्याचं डोकं फिरतं, तो होमरच्या नकला करत कारखानाभर धावतो, मोजे नसलेल्या हातांनी उच्च दाबाच्या तारा धरतो आणि मरतो. दफनाच्या वेळी होमर पेंगतो आणि झोपेतच बायकोला चॅनेल बदलायला सांगतो. सगळे हसतात. शवपेटी खाली जाते.

हा भाग मी आमच्या शाखेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवला. तेहतीस वर्षं नोकरी, एकही लेट मार्क नाही, बढती तीनदा हुकलेली. त्यांची पेन्सिल शाखेत कुणी मागत नाही, कारण ते देतात पण परत घ्यायला टेबलाशी उभे राहतात. बघताना ते डब्याच्या प्रसंगाला हसले. आम्लाच्या प्रसंगाला हसले. दफनाच्या वेळी होमर बोलला तेव्हा मी सवयीने मोठ्याने हसलो आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते. थोडा वेळ तसेच पडद्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “त्या ग्राइम्सचा कापलेला पगार पुढे कुणी परत केला का हो?”